अद्भुताचे दीर्घ वाचन आणि वाचकांचे मत

अनेक खंडांत पसरलेल्या, स्वतःचा भूगोल, स्वतःचा इतिहास, स्वतःचे देवधर्म आणि युद्धनीती असलेली संपूर्ण काल्पनिक सृष्टी उभी करून तीत शेकडो पात्रांची कथा सांगणाऱ्या कादंबऱ्यांना येथे ‘महाअद्भुत कादंबरीमालिका’ असे म्हटले आहे. जे. आर. आर. टॉल्किन यांची १९५४-५५ मध्ये तीन खंडांत आलेली ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’, रॉबर्ट जॉर्डन यांनी १९९० मध्ये सुरू केलेली आणि त्यांच्या मृत्यूनंतर ब्रँडन सँडरसन यांनी २०१३ मध्ये चौदाव्या खंडात पूर्ण केलेली ‘द व्हील ऑफ टाइम’, आणि जॉर्ज आर. आर. मार्टिन यांची १९९६ पासून चालू असलेली मालिका ही या प्रकाराची सर्वपरिचित उदाहरणे होत. प्रस्तुत विवेचनाचा विषय मात्र या मालिका नसून त्या वाचणाऱ्यांचे मत हा आहे. मराठी वाचक अशा लांबलचक अद्भुताविषयी काय म्हणतो, कोणत्या मापाने ते मोजतो आणि ते माप त्याच्याकडे कोठून आले, हे येथे पाहावयाचे आहे, आणि त्यासाठी पालघर, बोईसर व तारापूर हा पट्टा निरीक्षणाची भूमी म्हणून डोळ्यांपुढे ठेवला आहे.

वाचकाचे मत हे समीक्षेपेक्षा हलक्या प्रतीचे असते, असा एक समज मराठी अभ्यासविश्वात दीर्घकाळ नांदला आहे. दोन हजार पानांच्या कथेच्या बाबतीत तरी तो टिकणारा नाही. अशा कथेला वाचक आपल्या आयुष्याची काही वर्षे देतो, मधले खंड येईपर्यंत ती मनात जागती ठेवतो, आणि त्याने ती सोडली तर कोणत्याही समीक्षकाने केलेली स्तुती तिला तारू शकत नाही. टॉल्किन यांनी हे ओळखले होते. आपल्या ग्रंथाच्या दुसऱ्या आवृत्तीला त्यांनी जी प्रस्तावना जोडली तीत ग्रंथ कंटाळवाणा किंवा हास्यास्पद ठरविणाऱ्यांची त्यांनी मोकळेपणाने नोंद घेतली आणि इतर वाचकांनी दाखविलेला एक दोष आपल्यालाही मान्य असल्याचे सांगितले. तो दोष असा की पुस्तक फारच लहान झाले आहे. हजार पानांच्या वर गेलेल्या ग्रंथाविषयी वाचक असे म्हणू शकतो, यातच या प्रकाराचे सगळे कोडे आहे.

या कोड्याची सर्वांत जुनी कथा महाराष्ट्राच्याच भूमीशी बांधलेली आहे. प्रतिष्ठान म्हणजे आजचे पैठण येथील सातवाहन राजाच्या सभेतील गुणाढ्य याने राजाला संस्कृत व्याकरण किती काळात शिकविता येईल यावरून शर्ववर्म्याशी पैज लावली, ती हरली आणि ठरल्याप्रमाणे संस्कृत, प्राकृत व देशभाषा या तिन्हींचा त्याग केला. त्यानंतर त्याने अरण्यात राहून पैशाची भाषेत सात लाख श्लोकांची ‘बृहत्कथा’ रचली आणि शाई नसल्याने ती स्वतःच्या रक्ताने लिहिली. शिष्यांनी ती राजाकडे नेली तेव्हा भाषा पैशाची आणि अक्षरे रक्ताची म्हणून राजाने ती नाकारली. खिन्न झालेल्या गुणाढ्याने अग्निकुंड पेटवून एकेक पान पशुपक्ष्यांना वाचून दाखवावे आणि ते आगीत टाकावे, असा क्रम चालविला. ऐकणारे पशू चरणे विसरले, राजाच्या ताटात सुकलेले मांस येऊ लागले, तो आजारी पडला, कारणाचा शोध घेत अरण्यात आला, आणि तोवर सहा लाख श्लोक जळून गेले होते. उरलेल्या एका लाखाचा वारसा पुढे अकराव्या शतकात काश्मीरच्या सोमदेवाने ‘कथासरित्सागर’ या अठरा लंबकांच्या ग्रंथात संस्कृतात आणला. ही आख्यायिका आहे, इतिहास नव्हे. पण दीर्घ अद्भुतकथा आणि तिचा वाचक यांच्या नात्याविषयी तिने जे सांगितले आहे त्याहून अचूक विधान सापडणे कठीण आहे. सभेने तिला नाकारले ते ऐकण्यापूर्वी, आणि ज्यांनी ऐकले त्यांना तहानभूक उरली नाही. लांबीविषयी तक्रार कोणाचीच नव्हती.

पालघर जिल्ह्याचा अद्भुतकथेशी असलेला संबंधही असाच जुना आहे. १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाण्यापासून वेगळ्या झालेल्या या जिल्ह्यातील नालासोपारा म्हणजे प्राचीन शूर्पारक. १८८२ मध्ये भगवानलाल इंद्रजी यांनी तेथील स्तूपाचे उत्खनन केले आणि अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडाही तेथे मिळाला. ‘दिव्यावदान’ या बौद्ध कथासंग्रहात याच शूर्पारकाच्या पूर्ण नावाच्या व्यापाऱ्याची कथा येते. चंदनासाठी निघालेल्या गलबतांवर यक्षाने उठविलेले वादळ, भिक्षू झालेल्या पूर्णाने आपल्या सिद्धीने वाचविलेले खलाशी, त्या चंदनातून उभा राहिलेला प्रासाद आणि आकाशमार्गाने शूर्पारकात उतरणारे बुद्ध व त्यांचा भिक्षुसंघ, असा तिचा पट आहे. उत्तरेकडे डहाणू, जव्हार, विक्रमगड या भागांत वारल्यांचे भगत घांगळी हे भोपळ्याचे तंतुवाद्य वाजवीत कणसरी या धान्यदेवतेची कथा गातात आणि लग्नात चौक लिहिला जात असताना धवलेरी, म्हणजे लग्नविधी चालविणारी स्त्री, देवदेवतांना गाण्यातून बोलाविते. या परंपरा आणि आजच्या कादंबरीमालिका यांच्यात सरळ वंशरेषा ओढणे धाडसाचे होईल. तरीही ज्या प्रदेशात कथा रात्रभर चालते आणि ऐकणारा उठून जात नाही, तेथे दीर्घ अद्भुत हे परक्या देशातून आलेले नवल ठरत नाही, इतके म्हणता येते.

मराठी घरांत दीर्घ कथेचे शिक्षण झाले ते पोथीवर. श्रीधरस्वामी नाझरेकर यांनी ‘हरिविजय’ १७०२ मध्ये, ‘रामविजय’ १७०३ मध्ये आणि ‘पांडवप्रताप’ १७१२ मध्ये पूर्ण केला, आणि पुढची अडीच शतके चातुर्मासात हे ग्रंथ घरोघर, देवळादेवळांत लागत राहिले. ‘पोथी लागणे’ याचा अर्थ रोज ठरलेल्या वेळी एक अध्याय वाचला जाणे: वाचणारा एक, ऐकणारे वीस, निवडणे, वाती वळणे चालू असतानाच कान पोथीकडे, अध्याय संपला की आरती, आणि घरी परतताना कर्णाचे चुकले की कुंतीचे यावर वाद. तो वाद हेच वाचकमत होते. त्याची नोंद कोणी केली नाही, परंतु ‘मृत्युंजय’ (१९६७) किंवा ‘राधेय’ (१९७३) यांसारख्या कर्णावरील कादंबऱ्यांना जो प्रचंड वाचक मिळाला आणि इरावती कर्वे यांच्या ‘युगान्त’वर घराघरांत जी चर्चा झाली, तिचे मूळ त्या ओसरीवरच्या वादांतच होते. पालघरच्या महाविद्यालयाला ज्यांचे नाव आहे त्या सोनोपंत दांडेकरांनी ज्ञानेश्वरीचे संपादन केले ते याच श्रवणपरंपरेसाठी. विद्वत्ता आणि पारायण यांत त्यांनी भिंत उभी केली नाही.

पोथीने मराठी वाचकाला तीन सवयी लावल्या. पहिली, उपकथेविषयी सहनशीलता: मुख्य कथा थांबवून नलदमयंतीचे आख्यान सुरू झाले तरी श्रोता अस्वस्थ होत नाही, कारण थांबलेली कथा पुन्हा उचलली जाणार याची त्याला खात्री असते. दुसरी, शेवट ठाऊक असण्यात रसहानी न मानणे. कुरुक्षेत्रावर कोण जिंकणार हे माहीत असूनही अठरा दिवसांचे युद्ध तो दरवर्षी ऐकतो. तिसरी सवय सर्वांत महत्त्वाची, आणि ती म्हणजे समाप्तीचा आग्रह. ग्रंथाच्या अखेरीस तो वाचल्याचे फळ सांगणारा भाग, ज्याला फलश्रुती म्हणतात, तो वाचला गेल्याशिवाय आणि उद्यापन झाल्याशिवाय पोथी उठत नाही. अर्धवट सोडलेली पोथी अशुभ मानली जाते. आजच्या कादंबरीमालिकांविषयी मराठी वाचक जे बोलतो त्यातील बरेचसे या तीन सवयींतून उलगडते.

या सवयी असूनही छापील अद्भुताला मराठीत मान मिळाला नाही. लक्ष्मणशास्त्री हळबे यांची ‘मुक्तामाला’ १८६१ मध्ये आणि नारो सदाशिव रिसबूड यांची ‘मंजुघोषा’ १८६८ मध्ये प्रसिद्ध झाली. कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी याच दशकात अरबी सुरस व चमत्कारिक गोष्टींचे भाषांतर हाती घेतले. रिसबुडांनी आपल्या प्रस्तावनेत स्पष्टपणे मांडले की भोवतालच्या हिंदू समाजजीवनात, विशेषतः विवाहाच्या रूढींमुळे, कादंबरीला पुरेल असे मनोवेधक काही घडत नाही, म्हणून लेखकाला अद्भुताकडे वळावे लागते. हे समर्थन लंगडे आहे, कारण ते अद्भुताला नाइलाज ठरविते. १८७२ मध्ये काशीनाथ बाळकृष्ण मराठे यांनी नावल व नाटक यांविषयीच्या निबंधात अशा कादंबऱ्यांच्या असंभाव्यतेवर टीका केली, १९०२ मध्ये इतिहासाचार्य राजवाडे यांनी ‘कादंबरी’ या निबंधात अद्भुत आणि वास्तव या दोन्ही वळणांचा ऊहापोह केला, आणि हरि नारायण आपटे यांच्या सामाजिक कादंबऱ्यांनंतर वास्तव हेच प्रौढ वाचनाचे लक्षण ठरले. नाथमाधवांची ‘वीरधवल’ पिढ्यान् पिढ्या आवडीने वाचली गेली, तरी वाङ्मयेतिहासांत तिच्या वाट्याला फार थोडी जागा आली. समीक्षेचा हा निर्णय वाचकांनी पाळला नाही, पण तो त्यांनी मनावर घेतला. अद्भुत आवडते हे सांगताना मराठी वाचक आजही थोडा संकोचतो, आणि हा संकोच त्याच्या मतावर पडलेली पहिली सावली आहे.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हा वाचक घडला तो मुख्यतः मद्रासहून येणाऱ्या ‘चांदोबा’ मासिकावर. त्यातील अनेक अद्भुत धारावाहिक कथा मुळात तेलुगूत दासरी सुब्रह्मण्यम यांनी लिहिलेल्या होत्या, परंतु त्यांवर लेखकाचे नाव नसे. दर महिन्याला कथा ऐन वेळी तुटे आणि पुढच्या अंकापर्यंत मुले तिचा शेवट आपसांत रचीत बसत. खंडामागून खंडाची वाट पाहणे ही गोष्ट मराठी वाचक येथेच शिकला. प्रौढांसाठी नारायण धारप (१९२५-२००८) यांनी भय आणि अद्भुत यांचे स्वतंत्र दालन उघडले, आणि ‘समर्थ’ या पात्राभोवतीच्या त्यांच्या कथांनी एकच नायक अनेक पुस्तकांतून चालविण्याची गोडी लावली. एकविसाव्या शतकात ‘हॅरी पॉटर’चे मराठी अनुवाद आले, मुग्धा कर्णिक यांनी टॉल्किनचा ग्रंथ ‘स्वामी मुद्रिकांचा’ या नावाने मराठीत आणला, आणि अमीश यांची २०१० ते २०१३ या काळात इंग्रजीत आलेली शिवकथेची त्रिखंडात्मक मालिका मराठी अनुवादातून दूरवर पोहोचली. जॉर्डन आणि मार्टिन यांचे वाचन मात्र मराठी तरुण बव्हंशी इंग्रजीतूनच करतात.

बोईसर-तारापूर हा भाग या दृष्टीने मुद्दाम पाहण्याजोगा आहे. १९६९ मध्ये सुरू झालेले अणुविद्युत केंद्र आणि पाठोपाठ वाढलेली औद्योगिक वसाहत यांमुळे येथे खानदेश, विदर्भ, कोकण, गुजरात, उत्तर प्रदेश, केरळ अशा अनेक ठिकाणची कुटुंबे शेजारी शेजारी राहू लागली. केंद्राच्या वसाहतीत वाढलेले मूल इंग्रजी मालिका वाचते, तर बाजारपेठेजवळच्या चाळीतील मूल अनुवाद शोधते, आणि दोघे एकाच शाळेत त्यावर बोलतात. २०१३ मध्ये विरारच्या पुढे डहाणूपर्यंत उपनगरी गाड्या सुरू झाल्यापासून चर्चगेटपर्यंत जाणाऱ्या नोकरदाराला दिवसाचे दोन-दोन तास बसून किंवा उभ्याने मिळतात. जाड पुस्तक हातात धरणे गर्दीत अशक्य असल्याने हे वाचन पुष्कळदा मोबाईलवर होते, आणि पाळीच्या कामगाराचे रात्रपाळीनंतरच्या झोपेआधी होते. अशा तुकड्या तुकड्यांच्या वाचनात शंभर पात्रांची नावे ध्यानात ठेवणे हे खरोखरीचे श्रम आहेत. ‘माणसेच इतकी आहेत की कोण कोणाचा ते कळत नाही’ या तक्रारीला आळस म्हणून झटकून टाकणे अन्यायाचे होय.

ग्रंथालयात या मताचे दुसरे रूप दिसते. १९६७ च्या महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालये अधिनियमाखाली अ, ब, क, ड असे वर्ग ठरवून ज्या ग्रंथालयांना अनुदान मिळते, त्यांतील लहान ग्रंथालयाला सात-आठ खंडांचा पूर्ण संच घेणे जड जाते, आणि घेतला तरी सभासदाला एका वेळी एखाददुसरेच पुस्तक मिळत असल्याने दुसरा खंड एकाकडे अडकला की तिसरा कपाटात पडून राहतो. अशा संचातील पहिला खंड हातात घेतला तर त्याची पुठ्ठाबांधणी सैल झालेली, कोपरे मऊ पडलेले आणि शेवटच्या पानावर चिकटविलेला तारखांचा कागद शिक्क्यांनी भरून त्यावर दुसरा कागद डकविलेला आढळतो. चौथ्या खंडाच्या कागदावर मोजके शिक्के असतात आणि पाने एकमेकांना चिकटलेली असतात. समासात पेन्सिलीने कोणी ‘रटाळ’ लिहिलेले असते, त्याखाली दुसऱ्या अक्षरात ‘पुढे वाच’ असे उत्तर असते. ग्रंथपाल याला पुस्तकाची नासधूस म्हणतात आणि नियमाने ते बरोबरच आहे. परंतु ही समासातली नोंद आणि तो तारखांचा कागद मिळून वाचकमताचे जितके प्रामाणिक साधन होते तितके दुसरे कोणतेही नाही, कारण ते लिहिणाऱ्याला कोणावर छाप पाडायची नसते.

मतांच्या आशयाकडे वळले की पोथीची मापे लगेच ओळखू येतात. ‘पाल्हाळ’, ‘मध्ये पाणी घातले आहे’ हे आक्षेप सर्वत्र ऐकू येतात, पण मराठी वाचकाचा रोख पृष्ठसंख्येवर नसून कथा हलत नाही यावर असतो. ‘द व्हील ऑफ टाइम’चा २००३ मध्ये आलेला दहावा खंड या बाबतीत जगभर बदनाम आहे, कारण नवव्या खंडाच्या अखेरीस जी मोठी घटना घडते तिच्या वेळी इतर पात्रे कोठे काय करीत होती हे सांगण्यात त्याचा मोठा भाग जातो आणि कथा पुढे सरकतच नाही. महाभारतातील उपकथांना कधी न कंटाळणारा वाचक येथे कंटाळतो, याचे कारण उघड आहे: उपाख्यान स्वतःपुरते पूर्ण असते, त्याला आरंभ आणि शेवट असतो, तर येथे मुख्य कथेचेच तुकडे लांबविलेले असतात. हा आक्षेप न्याय्य आहे आणि पाश्चात्य चाहत्यांच्या तक्रारीपेक्षा तो अधिक नेमका आहे.

समाप्तीच्या प्रश्नावर हा वाचक सर्वांत कठोर होतो. मार्टिन यांचा पाचवा खंड २०११ मध्ये आला, दूरचित्रवाणीवरील मालिका २०१९ मध्ये संपली, आणि पुढचे खंड अजून वाचकांच्या हाती नाहीत. त्यामुळे ‘सगळे खंड आल्याशिवाय सुरू करू नकोस’ हा सल्ला एक वाचक दुसऱ्याला आवर्जून देतो. याउलट जॉर्डन यांनी आजारपणात पुढच्या कथेची टिपणे मागे ठेवली, २००७ मध्ये त्यांचे निधन झाले आणि दुसऱ्या लेखकाने तीन खंडांत ती कथा तडीस नेली, या घटनेविषयी मराठी वाचक विशेष आदराने बोलतो. ग्रंथ अपुरा राहिला तर शिष्याने किंवा पुत्राने तो पूर्ण करावा, ही कल्पना त्याच्या परिचयाची आहे; बाणभट्टाची ‘कादंबरी’ त्याच्या पुत्रानेच पूर्ण केली होती. शैली बदलली, हे त्याला जाणवते. तरी उद्यापन झाले, याला तो अधिक मोल देतो.

नीतीच्या बाबतीत मात्र वाचकांत खरी दुफळी आहे. टॉल्किनच्या कथेत काळे आणि पांढरे फार स्पष्ट आहे, असे म्हणणारे आणि तिच्यातील करुणेमुळे तिला सर्वश्रेष्ठ मानणारे, दोघेही कर्णाचा दाखला देतात. पहिल्यांना तिच्यात कर्ण नाही याची खंत वाटते, दुसऱ्यांना शत्रूवरही दया करणारा नायक पुरेसा वाटतो. मार्टिनच्या कथेत सगळेच करडे, तेव्हा ती ‘महाभारतासारखी’ म्हणून गौरविली जाते. हा गौरव अर्धाच खरा मानावा लागतो, कारण महाभारतात प्रत्येक करड्या कृत्यानंतर कोणी तरी धर्म कोणता हे विचारतो, आणि मार्टिनच्या सृष्टीत तो प्रश्न विचारणारी माणसे लवकर मरतात. काळ चक्रासारखा फिरतो, युगे जातात आणि परत येतात, माणसे पुन्हा जन्म घेतात, या जॉर्डनच्या मूळ कल्पनेने पाश्चात्य वाचक चकित होतो. मराठी वाचकाला ती घरचीच वाटते, आणि म्हणूनच तिच्यातील कर्मविचाराच्या अभावावर तो बोट ठेवतो.

युद्धवर्णनांविषयीही स्थानिक नजर काही सांगते. तारापूरचा किल्ला चिमाजी अप्पांच्या वसई मोहिमेत जानेवारी १७३९ मध्ये मराठ्यांनी घेतला आणि त्या झुंजीत मराठा सरदार बाजी भीवराव रेठरेकर कामी आले. वसईचा किल्ला त्याच वर्षी मे महिन्यात पडला. शिरगाव, केळवे, माहीम, अर्नाळा असे किनाऱ्यावरचे किल्ले पाहत वाढलेल्या वाचकाला वेढा म्हणजे महिनोन्‌महिने दाणागोटा, दारूगोळा, सुरुंग आणि भरतीओहोटीचे गणित, हे सांगावे लागत नाही. एका प्रकरणात उठून पुढच्यात कोसळणारा तट त्याला पटत नाही. अद्भुताला तर्क लागत नाही, या जुन्या आक्षेपाला येथे परस्पर उत्तर मिळते: ड्रॅगन मान्य करणारा वाचक रसदीचा हिशेब मागतो, आणि तो मागण्याचा त्याला अधिकार आहे.

या सगळ्या मतांना एक मोठी मर्यादा आहे. ती ज्यांच्यापर्यंत पुस्तके पोहोचली त्यांची आहेत. जव्हार-मोखाड्याच्या आश्रमशाळेत शिकणाऱ्या ज्या मुलीने घांगळीवरची कथा ऐकली आहे, तिच्या हाती ‘स्वामी मुद्रिकांचा’ पडला तर ती त्याविषयी काय म्हणेल, हे आज कोणालाही ठाऊक नाही, आणि कथेच्या दीर्घ श्रवणाचा ताजा अनुभव असलेले तिच्यासारखे वाचकच या विषयात सर्वांत मोलाचे साक्षीदार ठरावेत. मराठीत मूळ लिहिलेली अशी मोठी मालिका जेव्हा येईल तेव्हा तिचा पहिला न्याय याच जिल्ह्यासारख्या ठिकाणी होईल, असे मानण्यास पुष्कळ आधार आहे.

तोपर्यंत एक काम हातात आहे. ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ पासून चालू आहे, आणि पालघर जिल्ह्यातील गावोगावची वाचनालये त्याच चळवळीची लेकरे आहेत. त्यांच्या देवघेवीच्या जुन्या वह्या आणि फाटक्या पुस्तकांचे तारखांचे कागद दरवर्षी रद्दीत जातात. ग्रंथपालांनी आणि कार्यकारी मंडळांनी ते यापुढे रद्दीत घालू नयेत, सभासदांची नावे झाकून अभ्यासकांना पाहू द्यावेत, आणि पुस्तक परत घेताना वाचकाला ‘कसे वाटले’ एवढे विचारून त्याचे उत्तर एका वहीत, त्याच्याच शब्दांत, टिपून ठेवावे.